पिवळ्या पायांची आई, काळी लेक

मुलांनो, एखाद्या कोंबडीने चोच उघडली आणि आतली जीभही काळपट दिसली, तर? दचकू नका. तिला कुणी शाई पाजलेली नाही. ती कडकनाथ आहे! पिसं काळी, तुरा जांभळट, पाय करडे, कातडी काळी आणि मांससुद्धा काळपट. रक्त मात्र तुमच्याआमच्यासारखं लालच. अंडंही काळं असतं असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर खुशाल हसा. ते फिकट तपकिरी असतं, चहात दूध जरा जास्त पडावं तसं.

'अंगणातली प्रयोगशाळा' या आपल्या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो : "कडकनाथ पाळायचाय, पण घरी म्हणतात परवडत नाही. स्वस्तात काही जमेल का?" जमेल. पण आधी तो महाग का, ते पाहू.

कडकनाथचं माहेर मध्य प्रदेशातल्या झाबुआ आणि धार जिल्ह्यांत. तिथले भिल्ल आणि भिलाला आदिवासी पिढ्यान् पिढ्या ही कोंबडी अंगणात पाळत आले. तिला ते 'कालीमासी' म्हणतात. 2018 साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आपल्या हापूस आंब्याला मिळालं तसं. 2020 साली महेंद्रसिंग धोनीने रांचीच्या आपल्या शेतासाठी झाबुआहून दोन हजार पिल्लं मागवली, तेव्हा तर ज्याच्या त्याच्या तोंडी कडकनाथ!

आता व्यापारी लेअर कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. कडकनाथची शंभरी गाठताना दमछाक होते. ब्रॉयलर सहा आठवड्यांत बाजारात जातो, तर हा अंगावर मांस धरायलाच पाच-सहा महिने घेतो. वर कडकनाथ कोंबडी फारशी खुडूक होत नाही. अंडी देते आणि निघून जाते, उबवायचं दुसऱ्या कुणीतरी! मग किंमत वाढणार नाही तर काय?

पण काळा रंग तरी येतो कुठून? आपले केस काळे करणारं मेलॅनिन तेच हेही काम करतं. साध्या कोंबडीत रंग बनवणाऱ्या पेशी कातडीत आणि पिसांत थांबतात. काळ्या कोंबडीत त्या अंड्यातल्या गर्भातच भलत्या ठिकाणी शिरतात आणि भरमसाट वाढतात. 2011 साली शास्त्रज्ञांनी याचं मूळ शोधलं. कोंबडीच्या 20व्या गुणसूत्राचा एक तुकडा चुकून दुप्पट झालेला होता. ही चूक फार जुनी. चीनची सिल्की आणि इंडोनेशियाची अयाम सेमानी याही त्यामुळेच काळ्या.

मात्र एवढ्याने भागत नाही. गंमत पुढेच आहे. या जनुकाला आपण 'शाई' म्हणू. काही कोंबड्यांत दुसरं एक जनुक असतं, ते शाईवर झाकण घालतं. पांढऱ्या किंवा पिवळ्या पायांच्या कोंबडीत हे झाकण असतं, कडकनाथमध्ये नसतं. आणि हे झाकण बसलेलं असतं लिंग ठरवणाऱ्या 'झेड' गुणसूत्रावर. कोंबड्याला दोन 'झेड', कोंबडीला एकच. आपल्या अगदी उलट! आई आपलं 'झेड' फक्त मुलाला देते. मुलीला 'झेड' मिळतं ते वडिलांकडून.

आता वही घ्या. कोंबडा कडकनाथ, म्हणजे शाई आहे, झाकण नाही. कोंबडी पिवळ्या पायांची गावरान, म्हणजे शाई नाही, झाकण आहे. पिल्लं कशी होतील? शाई सगळ्यांना मिळाली. पण आईचं झाकण गेलं फक्त मुलग्यांना! म्हणून नर पिल्लं जेमतेम काळसर डागांची, आणि माद्या चांगल्या काळ्या. केंब्रिजच्या बेटसन आणि पनेट या दोघांनी सिल्की आणि तपकिरी लेगहॉर्न कोंबड्यांवर हेच पाहिलं आणि 1911 साली छापलं. पनेटचा चौकोन ज्यांच्या नावाचा, तेच हे पनेट.

यातच स्वस्ताची युक्ती दडलीय. कडकनाथच्या पाच कोंबड्या घेण्यापेक्षा एकच चांगला कोंबडा घ्या आणि चार गावरान कोंबड्या. प्रयोग बघायचा असेल तर पिवळ्या पायांच्या. काळी पिल्लंच हवी असतील तर काळपट किंवा हिरवट पायांच्या गावरान निवडा. त्यांच्यात झाकण नसतं, म्हणून पहिल्याच फेरीत मुलगे-मुली बहुतेक काळे. शिवाय गावरान आई वेळ आली की स्वतःच खुडूक बसते. तिच्याखाली आठ-दहा अंडी ठेवा, एकविसाव्या दिवशी चिवचिव ऐकू येईल. यंत्र नको, विजेचं बिल नको. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चसमोर अंडं धरलं तर आत लाल कोळ्याचं जाळं दिसतं. जाळं नाही, तर ते अंडं फुकट गेलं.

पुढच्या फेरीत काळ्या तलंगांना त्याच कोंबड्यासोबत ठेवू नका, तो त्यांचा बाप आहे. नात्यातली जोडी लागली की पिल्लं अशक्त निघतात. दुसऱ्या ठिकाणचा कडकनाथ कोंबडा आणा. त्याच्यापासूनची पिल्लं सगळीच काळी होतील.

माझी एक फजिती सांगतो. दापोडीच्या घरामागे दहा बाय दहाचं खुराडं. कोंबडीने लवकर पुन्हा अंडी द्यावीत या हावेने मी अकरा पिल्लं चौथ्याच दिवशी तिच्यापासून काढली आणि खोक्यात बल्बखाली ठेवली. जानेवारी महिना. पुण्यात गुरुवारी वीज जाते हे शेंबडं पोरही सांगेल, मी मात्र विसरलो! दुपारी पाहतो तर सगळी पिल्लं गारठून एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली. खालची तीन गुदमरून मेली. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे 35 अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. तेव्हापासून पिल्लं आईपाशीच राहतात. बल्ब लावलाच, तर खोक्याला कोपरे राहू नयेत म्हणून पुठ्ठा गोल लावतो आणि गरम पाण्याच्या बाटल्या तयार ठेवतो.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात-नाकात थेंब टाकून देतात. ती पशुवैद्यकाकडूनच घ्या. खडकीला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, आईबाबांना घेऊन तिथे सल्ला विचारायला जा. खुराड्यातून आलात की हात साबणाने धुवा. पक्षी एकाएकी मरू लागले तर हात न लावता पशुवैद्यकाला कळवा. आणि फ्लॅटच्या गॅलरीत हा उद्योग नकोच. आमचा कोंबडा पहाटे चारला आरवतो. शेजारच्या काकू तीन महिने माझ्याशी बोलत नव्हत्या. महापालिकेत चौकशी आणि शेजाऱ्यांची संमती, दोन्ही आधी.

आता आईबाबांनीही वाचावं असं. 2019 साली सांगली जिल्ह्यात इस्लामपूरच्या एका कंपनीचं कडकनाथ प्रकरण गाजलं. पैसे भरा, आम्ही पिल्लं-खाद्य देतो, अंडी आणि पक्षी चढ्या भावाने आम्हीच परत घेतो, अशी योजना. पुढे खरेदी थांबली. हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले, पक्ष्यांना घालायला दाणा उरला नाही, पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. अंडं खाणारं गिऱ्हाईक पुरेसं नसेल, तर चढा भाव नव्याने पैसे भरणारा माणूस येत राहील तोवरच टिकतो. तेव्हा कुणी 'हमखास परत घेऊ' म्हणालं, की पहिला प्रश्न विचारा : खाणार कोण?

आपल्याकडूनही एक खबरदारी हवी. वर सांगितलेली पिल्लं काळी असली तरी कडकनाथ नव्हेत, संकर आहेत. शेजारी कुणी अंडी मागितली तर तसंच सांगून द्यायची. काळी कातडी एका फेरीत मिळते. पण झाबुआच्या उन्हात, आदिवासींच्या अंगणात घडलेली जात तशी एका फेरीत मिळत नाही.

आणि आता कोडं. समजा उलट केलं : कोंबडा पिवळ्या पायांचा, दोन्ही 'झेड'वर झाकण असलेला, आणि कोंबडी कडकनाथ. मुलगे कसे होतील? मुली कशा? चौकोन मांडून पोस्टकार्डावर उत्तर पाठवा. बरोबर उत्तर पुढच्या आठवड्यात.