तळ्यातले मूल आणि पोत्यातला बुवा

आवणी आटोपली, श्रावण लागला, की घरोघरी कहाण्या सुरू होतात. शीतळा सप्तमीची कहाणी बहुतेकांना ठाऊक आहे. राजाने तळे बांधले, पण पाणी काही लागेना. जलदेवतांनी सुनेचा थोरला मुलगा बळी मागितला. राजाने सुनेला माहेरी धाडले, नातवाला न्हाऊमाखू घातले, दागिने घालून पलंगावर निजवले आणि पलंग तळ्यात नेऊन ठेवला. तळे भरले. पुढे सुनेच्या व्रताने मूल परत मिळाले, तेव्हा कुठे ऐकणाऱ्याच्या जिवात जीव येतो.

असले भयंकर मुलांना सांगावे काय, असे शिकल्यासवरल्या सुना विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण कहाणीतला हा काळोख कुणा भुताने आणलेला नाही. पाण्यावाचून गाव उठते, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी ती सांगितली. आणि पाण्याची किंमत कोण मोजतो? तळे बांधणारा राजा नव्हे. जिला कुणी विचारलेसुद्धा नाही, ती सून. शहापूरकरांना हे निराळे समजावून सांगायला नको. तानसा धरण १८९२ साली झाले, पुढे भातसा झाले. पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर बाया टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. मुरबाडकडे बारवीच्या पाण्याखाली घरेदारे गेली.

भोपळ्यात बसून रान ओलांडणाऱ्या म्हातारीची गोष्ट घ्या. मुले वाघाला भितात. मोठ्यांनी जरा म्हातारीकडे पाहावे. ती एवढी हाडाची काडी का झाली? अंगावर मूठभर मांस चढायला तिला लेकीच्या घरीच का जावे लागते? वाघ गोष्टीत दिसतो, म्हातारीला उपाशी ठेवणारे घर दिसत नाही. (नेहमी सासवांनाच बोल लागतो, ही गोष्ट सुनांनी ऐकावी.)

जर्मनीतही असेच झाले. ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या एका गोष्टीत अन्नान्नदशा झालेल्या घरातली सख्खी आईच पोरांना रानात सोडून यायला सांगते. १८४० च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. सख्ख्या आईने असे करावे हे वाचवेना, म्हणून दोष परकीच्या माथी गेला.

मला खरी काळजी वाटते ती ह्या खोडीची. आपला बागुलबुवा पाहा. 'रडू नकोस, बुवा पोत्यात घालून नेईल,' असे आपण पोराला सहज म्हणतो. हा बुवा दिसतो कसा? खांद्याला झोळी, मळके कपडे, बोली परमुलखातली. कहाणीत मूल घरच्याच आजोबाने दिले; इथे मात्र बोट वाटसराकडे. पुलाच्या पायात बळी द्यायला पोरे पळवतात, अशी आवई इंग्रज अमदानीतही ठिकठिकाणी उठत असे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरे पळवणारे समजून जमावाने ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी माणसे ती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांचा असाच बळी गेला. तिथेही चोरांच्या, पोरे पळवणाऱ्यांच्या अफवा उठल्या होत्या. हे काही फार दूर नाही. २०१४ पर्यंत डहाणू आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते.

बागुलबुवाने ही माणसे मारली, असे मी म्हणणार नाही. राईनपाड्याच्या आधी मोबाईलवरच्या निरोपांनी रान पेटवले होते. पण तो निरोप वाचताक्षणी खरा का वाटला? झोळीवाल्याला भ्यायचे, हे पाळण्यापासून अंगवळणी पडलेले असते.

तेव्हा कहाणी खुशाल सांगा, बुवा मात्र घरातून काढा. पोराला भीती घालायचीच असेल, तर भोपळेवाल्या म्हातारीचा वाघ पुष्कळ आहे. दारी नंदीवाला किंवा गोसावी आला, तर पोराच्या हातून पसाभर तांदूळ द्यायला लावा. 'तळ्यात सोडताना आईला का नाही विचारले?' असे मुलाने मध्येच विचारले, तर त्याला गप्प करू नका. घरात कर्ते पुरुष बसले असतील तर उत्तर त्यांना देऊ द्या. आणि ही कहाणी लहानग्याला दिवसा सांगावी. मूल आईला परत मिळते तिथपर्यंत एका बैठकीत सांगावी, अर्ध्यावर सोडून झोपवू नये.