फालिज झालेल्याच्या तोंडात चमचा

आमच्या हिंगोली भागात कुणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला की घरात एकच धावपळ उडते, आणि त्या धावपळीत कुणीतरी हमखास पेला घेऊन येते. साखरपाणी, दूध, मध, उमऱ्याहून आणलेले झमझम. दादींच्या तोंडात दोन चमचे गेले की घरच्यांना धीर येतो. त्या दोन चमच्यांविषयीच आम्हाला बोलायचे आहे.

फालिज, म्हणजे लकवा, बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने होतो. रक्त न मिळालेला भाग मरतो. मग पांढऱ्या पेशी तिकडे धावतात, सूज येते. मेलेले साफ करायला ती हवीच. पण वाढली तर शेजारचा जिवंत भागही जातो. म्हणून शरीर स्वतःच ‘आता पुरे’ असा निरोप रक्तात सोडते. १९८९ साली सापडलेले इंटरल्यूकिन-१० हे त्यातलेच एक प्रथिन. २००३ मध्ये स्पेनच्या डॉक्टरांना आढळले की ज्यांच्या रक्तात ते सुरुवातीला कमी होते, त्यांची प्रकृती पहिल्या दोन दिवसांत जास्त बिघडली.

मग भरपूर असले तर बरेच की! तसे नाही. हा निरोप मेंदूपुरता राहत नाही. आमच्या एका वर्गात मोठ्याने ‘गप्प बसा’ म्हटले की शेजारच्या वर्गातले वाचनही थांबते, तसे काहीसे होते. त्यात आजाराच्या ताणाने कॉर्टिसोलही वाढते, आणि फुप्फुसांचा पहारा ढिला पडतो. नेमक्या याच दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना नीट गिळता येत नाही. पाणी श्वासनलिकेत उतरते. कधीकधी ठसकासुद्धा लागत नाही. एरवी शरीराने परतवून लावलेले जंतू मग न्यूमोनिया करतात.

आधीच अँटिबायोटिक दिले तर? नेदरलँड्समध्ये अडीच हजारांवर रुग्णांना घेऊन हे करून पाहिले. निष्कर्ष २०१५ मध्ये आला: अपंगत्व काही कमी झाले नाही.

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची चौकशी केली, तेव्हा सातातला एक मृत्यू लकव्याचा निघाला, आणि त्यातले बहुतेक घरीच झालेले. म्हणजे रुग्ण डॉक्टरांपेक्षा घरच्यांच्याच हातात जास्त असतो.

तेव्हा लक्षण दिसले ती वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देतात, आणि सेनगावहून नांदेड गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर निजवा. तोंडात पाणी नाही, गोळी नाही, मधही नाही. ओठ कोरडे पडले तर ओल्या फडक्याने पुसा. झमझम कुठे जात नाही. दवाखान्यात पोचल्यावर ‘गिळणे तपासले का?’ हे विचारा, आणि डॉक्टर हो म्हणाले की मग खुशाल बिस्मिल्ला म्हणून पाजा.