पाचनंतरचं कॉलेज

परवा आमचे धाकटे बंधू मुलीच्या प्रवेशाचे कागद घेऊन आले. मुंबईच्या कॉलेजात जागा मिळाली होती, वसतिगृहातही मिळत होती. पण बंधूंचं म्हणणं, "कर्जतहून लोकल आहे की! दादा, तू नाही का तीन वर्षं केलंस? घरचं जेवण, घरच्यांची नजर."

केलं खरं. बँकेत आयुष्य गेल्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. कर्जत ते मुंबई शंभर किलोमीटर. जायला दोन तास, यायला दोन. वर्षाचे दोनशे दिवस धरले तरी तीन वर्षांत चोवीसशे तास, म्हणजे अहोरात्र शंभर दिवस मी गाडीत होतो, बहुतेक वेळा उभा! गाडीत माणसं पाहिली, त्यातली काही पुढे कादंबऱ्यांत आली, हे नाकारत नाही. पण वाङ्मय मंडळाची सभा, नाटकाच्या तालमी, ग्रंथालयातली संध्याकाळ हे सारं पाचनंतर सुरू व्हायचं आणि मी तेव्हा स्टेशनाकडे धावत असायचो. ते कॉलेज मी पाहिलंच नाही.

आपल्याकडे वसतिगृह ही श्रीमंतांची चैन कधीच नव्हती. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढे जातीजातींची वसतिगृहं उभी राहिली. भाऊराव पाटील तिथल्या जैन बोर्डिंगात होते. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं, असं चरित्रकार सांगतात. त्याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणलं. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले. एका पंगतीत जेवल्याने जे घडतं, ते गाडीत शेजारी उभं राहून घडत नाही.

वसतिगृहातली आमटी पातळ असते, हे मान्य. काही मुलं बिघडतातही. ती घरी राहून बिघडत नाहीत, असं मात्र मी पाहिलेलं नाही. आणि रात्री साडेआठच्या गाडीतून एकट्या उतरणाऱ्या पोरीवर कोणा घरच्याची नजर असते?

"आणि खर्च?" बंधूंनी विचारलं. तो प्रश्न खरा होता. आमच्या वडिलांनी तिथेच हात टेकले होते. मी म्हटलं, "निम्मा माझा."

पुतणी इतका वेळ गप्प होती. तिने एवढंच विचारलं, "काका, तिथलं ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं?"