अलर्ट आला, पुढे काय?

मागच्या आठवड्यात ऑन-कॉल होतो. पहाटे तीनला फोन वाजला, सर्व्हरची डिस्क भरत आलेली. अर्धवट झोपेतही मी करायचं ते केलं, कारण ते लिहून ठेवलेलं होतं: हा अलर्ट आला की अमुक बंद करा, तमुकला उठवा. (तमुकने काय शिव्या घातल्या ते असो.)

दुष्काळाच्या 'अर्ली वॉर्निंग'बद्दल कोणी उत्साहाने बोलायला लागलं की मला २०१५ आठवतं. त्या जूनच्या सुरुवातीलाच हवामान खात्याने सांगितलं होतं, देशात सरासरीच्या ८८ टक्के पाऊस पडेल. पडला ८६. म्हणजे अंदाज जवळपास तंतोतंत! तरी एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. औश्याकडच्या माझ्या मामांनी कर्ज काढून बोअर पाडलं, तेही कोरडं गेलं.

मामांनी तो अंदाज टीव्हीवर ऐकला होता हो! पण देशाच्या ८८ टक्क्यांचं त्यांनी आपल्या चार एकरांत करायचं काय?

आता 'महावेध'ची दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, सॅटेलाइट आहेत, मोबाइलवर मेसेज येतात. छानच. आणि गंमत म्हणजे पुढचं उत्तरही तयार आहे. हैदराबादच्या 'क्रीडा' या कृषी संशोधन संस्थेने जिल्हावार आराखडे करून ठेवलेत: पाऊस दोन आठवडे लांबला तर काय पेरायचं, चार आठवडे लांबला तर काय. आमच्या भाषेत, रनबुक! फक्त ते इंग्रजी पीडीएफमध्ये झोपलंय, आणि अलर्ट भलत्याच रस्त्याने जातोय. शिवाय मूग सोडा, तूर धरा असं सांगायचं, तर तुरीचं बियाणं त्याच आठवड्यात तालुक्याला मिळायला नको का?

हिवरे बाजारला हे जमलंय. पाऊस किती पडला याचा हिशोब ग्रामसभेपुढे येतो, आणि कमी पडला असेल तर रब्बीला काय घ्यायचं नाही ते तिथेच ठरतं. उसाला बंदी, शेतीसाठी बोअरला बंदी. यंत्र म्हणाल तर पर्जन्यमापक. म्हणून माझं मत असं की नव्या ॲपला पैसे देण्याआधी त्या पीडीएफचं मराठी करणाऱ्याला आणि बियाण्याच्या गोदामाला द्या.

परवा मामांना फोनवर एक नवं ॲप कौतुकाने समजावत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. सोयाबीन पेरू का नको, तेवढं सांग की."