वाद्याची झिलई आणि वाद्याची झीज

अलीकडे शाळाशाळांतून आणि पुष्कळ घरांतूनहि पाश्चात्य पद्धतीचा ड्रमसंच दिसूं लागला आहे. पूर्वीं बँडांत मोठा ड्रम एकानें, लहान ड्रम दुसऱ्यानें व झांजा तिसऱ्यानें वाजवाव्या, असा परिपाठ असे. पुढें पायानें टोला हाणण्याची युक्ति निघाली आणि तिघांचें काम एकच मनुष्य बसल्या जागीं करूं लागला. अमेरिकेंतील शिकागो शहरीं लुडविग बंधूंनीं १९०९ सालीं आपला कारखाना काढिला, तो अशाच पायटोल्याच्या जोरावर. असा संच विकत घेण्याचा प्रसंग आला म्हणजे घरांत पहिला प्रश्न निघतो तो नादाचा नव्हे, तर रंगाचा. आणि संच घरीं आल्यावर पहिलें भांडण होतें तें पहिल्या ओरखड्यावरून. या दोन्ही गोष्टींविषयीं विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें आपलें मत मांडावें, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, रंगाची आवड असणें हा कांहीं दोष नव्हे. बीटल्स या वाद्यमंडळींतील ड्रमवादक रिंगो स्टार यानें १९६३ सालीं लंडनच्या एका दुकानांत नवा संच घेतला, तेव्हां काळ्या शिंपल्यासारख्या चकाकणाऱ्या नमुन्यावर त्याचें मन बसलें. पुढील वर्षीं अमेरिकेंत लाखों लोकांनीं तो संच दूरचित्रवाणीवर पाहिला आणि लुडविग कारखान्यास मागणी पुरवितां पुरेना. जें वाद्य डोळ्यांस आवडतें त्याच्याजवळ मूल आपण होऊन जाऊन बसतें, ही गोष्ट पालकांनीं हंसण्यावारी नेऊं नये. परंतु आवड कशाची करावी आणि तिच्यासाठीं किती पैसे मोजावे, हें समजण्यास बाह्य झिलई म्हणजे काय तें थोडें जाणून घेतलें पाहिजे.

ड्रमचें खोड बहुधा मॅपल, बर्च अशा लांकडाचे पातळ थर एकमेकांस चिकटवून केलेलें असतें. त्यावर झिलई मुख्यतः तीन प्रकारची असते. पहिला प्रकार प्लास्टिकच्या वेष्टणाचा. पूर्वीं हें वेष्टण सेल्युलॉइडचें असे. हस्तिदंताच्या बिलियर्ड गोट्यांस पर्याय शोधतां शोधतां जॉन हायट या अमेरिकन गृहस्थानें जो पदार्थ सिद्ध केला, तोच हा. मोत्याच्या, शिंपल्याच्या व चमकीच्या तऱ्हा याच वेष्टणांत निघाल्या. तें स्वस्त पडतें व घांसाघाशी सोसतें. मात्र उष्णतेनें सांध्याशीं सुटतें, फुगतें, आणि जुनें पांढरें वेष्टण कालांतरानें पिवळसर होतें. दुसरा प्रकार लॅकरचा, म्हणजे रोगणाचा. रोगणाचे हात एकावर एक देऊन व मधून मधून घांसून लांकडाच्या रेषा कांचेखालीं ठेवल्याप्रमाणें उजळ करितात. हें काम फार शोभिवंत होतें, परंतु त्यास मेहनत पडते, किंमतहि पडते, आणि एक टवका उडाला तरी तो दुरून दिसतो. तिसरा प्रकार तेलाचा व मेणाचा. यांत चकाकी थोडी व पृष्ठभाग नाजूक. परंतु ओरखडा पडल्यास किंचित् घांसून पुन्हां तेलाचा हात दिला कीं तो बहुतेक मिसळून जातो.

आतां नादाचा विचार करूं. आमच्याकडील तबलजीस विचारा. तो शाईची बसण व पुडीचा ताण पाहील, डग्ग्यावर निकलचा मुलामा आहे कीं नाहीं हें शेवटीं पाहील. ड्रमचेंहि तसेंच आहे. ज्या कडेवर पुडी टेकते ती कड सरळ व गुळगुळीत आहे काय, खोड खरोखर वाटोळें आहे काय, पुडी कोणती आहे व तिचे पेंच सारखे आवळले आहेत काय, यांवर नाद मुख्यतः अवलंबून असतो. रंग तांबडा कीं निळा, याची त्या कडेस वार्ताहि नसते. म्हणून आमचें पहिलें मत असें कीं, मुलासाठीं किंवा शाळेसाठीं संच घेतांना झिलई साधी व सोशिक घ्यावी, आणि जो पैसा उरेल तो चांगल्या पुड्या, मजबूत घोड्या व जाड गवसण्या यांवर खर्च करावा. चकचकीत नव्या हलक्या संचापेक्षां ओरखडे पडलेला जुना पण चांगल्या खोडाचा संच कित्येकदां थोडक्या किंमतींत मिळतो. त्याची परीक्षा अवघड नाहीं. पुडी काढून खोड सपाट फरशीवर उपडें ठेवावें, आंत दिवा लावावा, आणि कडेखालून उजेडाची फट दिसते कीं काय तें पाहावें. उजेड दिसला तर बाहेरून कितीहि लखलखाट असो, तो संच घेऊं नये. न दिसला तर ओरखड्यांकडे पाहून नाक मुरडूं नये.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. संच आणला, मोठ्या कौतुकानें मांडला, आणि महिन्याभरांत त्यावर चरे उमटले. अशा वेळीं पुष्कळ ठिकाणीं काय घडतें, हें आम्ही जाणतों. वडीलमाणसें रागावतात, शाळेंत दंडाची भाषा निघते, आणि अखेरीस संचावर चादर टाकून खोलीस कुलूप लाविलें जातें. वर्षांतून एकदां संमेलनाच्या दिवशीं तें निघतें. ज्या मुलांसाठीं एवढा खर्च केला तीं मुलें खिडकीच्या गजांतून त्या चादरीकडे पाहात राहातात. ही व्यवस्था आम्हांस सर्वथा चुकीची वाटते, आणि ती केवळ मुलांच्याच नव्हे तर वाद्याच्याहि दृष्टीनें चुकीची आहे.

गंजण्यापेक्षां झिजणें बरें, असें आपण नेहमीं म्हणतों. ड्रमसंचाच्या बाबतींत तें अक्षरशः खरें आहे. मुंबई व कोंकण या भागांत पावसाळ्याचे चार महिने हवेंत दमटपणा व खारेपणा असतो. बंद खोलींत पडलेल्या संचाच्या क्रोमवर बारीक ठिपके उठतात, पेंच आपल्या मळसूत्रांत जाम होतात, वेष्टणाखालचा गोंद सुटूं लागतो. रोज हात लागणारा संच रोज पुसलाहि जातो, आणि त्याचा पेंच जाम झाला तर त्याच दिवशीं कळतो. कुलुपांतल्या संचाचें दुखणें मात्र संमेलनाच्या आदल्या रात्रीं कळतें.

याचा अर्थ मुलांनीं वाद्य वाटेल तसें आदळावें, असा कोणी घेऊं नये. झीज आणि हेळसांड या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील भेद मुलांस शिकविणें हेंच आमच्या मतें या प्रकरणांतील खरें शिक्षण होय. पुडीचा मध्य काठीनें पांढऱ्याचा काळा झाला, ही झीज. स्नेअरच्या कडीवर टोल्यांचे वण पडले, ही झीज. परंतु पायटोल्याच्या पकडीखालीं रबराची पट्टी न घातल्यानें मोठ्या ड्रमचें कडें चेपलें, ही हेळसांड. झांजेच्या भोंकांत प्लास्टिकची नळी न घातल्यानें तें लोखंडी दांड्यावर घांसून लांबट झालें, ही हेळसांड. गवसणी न घालतां संच बैलगाडींत किंवा टेंपोंत रचला, भर उन्हांत खिडकीशीं ठेवून त्याचा रंग उडविला, ही हेळसांड. पहिल्या प्रकाराबद्दल मुलास शाबासकी द्यावी. दुसऱ्याबद्दल दंड न करितां त्याच्याच हातांत फडकें व तेलाची कुपी द्यावी, आणि पेंच काढून, पुसून, तेलाचा एक थेंब देऊन पुन्हां बसविण्यास सांगावें. ज्यानें एकदां वाद्य उकलून जुळविलें तो पुन्हां तें आपटीत नाहीं, असा आमचा विश्वास आहे.

विली नेल्सन या अमेरिकन गायकानें १९६९ सालीं एक गिटार घेतली. अनेक वर्षें वाजवून वाजवून तिच्या लांकडास भोंक पडलें. तरी तिची वेळोवेळीं डागडुजी करवून तीच त्यानें पुढें चालविली. झीजहि आहे आणि निगाहि आहे. याच्या उलट, १९९५ पासून फेंडर कारखाना मुद्दाम ओरखडे पाडून व रंग उडवून जुन्यासारख्या केलेल्या नव्या गिटारी विकूं लागला, आणि लोक त्यांस अधिक पैसे देतात. म्हणजे झिजेची खूण ही बाजारांतहि प्रतिष्ठेची गोष्ट ठरली आहे. परंतु न केलेल्या रियाजाच्या खुणा विकत घेण्यांत आम्हांस कांहीं भूषण दिसत नाहीं. ज्याचे चरे त्यानेंच पाडावे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या संचावर पडलेला प्रत्येक वण कशानें पडला, हें तुम्हांस सांगतां आलें पाहिजे. तो सरावानें पडला असेल तर तो लपवूं नका. निष्काळजीपणानें पडला असेल तर आजच त्याची दुरुस्ती करा. आणि पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, संच घेतांना रंग मुलास निवडूं द्यावा, कड आपण तपासावी, आणि खोलीची किल्ली मुलास सांपडेल अशाच ठिकाणीं टांगून ठेवावी.