यंत्राने शोधावे, आपण वाचावे

ग्रंथालयात जाऊन ‘भूकंप का होतात ते सांगणारे पुस्तक द्या’ असे म्हटले, की जाणता ग्रंथपाल भूगर्भशास्त्राच्या कपाटापाशी जातो. पुस्तकाच्या नावात ‘भूकंप’ हा शब्द नसला तरी त्याचे अडत नाही. संगणकाला मात्र हे फार काळ साधत नव्हते. तो केवळ शब्दाला शब्द जुळवून पाहत असे.

त्यातही सगळे शब्द सारख्या मोलाचे नसतात. ‘आहे’ पानोपानी सापडतो, ‘भूकंप’ थोड्याच पानांवर. म्हणून जो शब्द थोड्या लेखांत येतो त्याला अधिक वजन द्यावे, ही युक्ती केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडली. तरीही अडचण उरलीच. नुसते शब्द जुळवणाऱ्या यंत्राला ‘घर’ आणि ‘घरापासून’ हे दोन वेगळे शब्द वाटतात. ‘सदन’ तर त्याच्या गावीही नसते.

आजची कृत्रिम बुद्धिमत्ता शब्दांची संगत पाहते. सारख्या सोबतीत येणाऱ्या शब्दांचे अर्थ जवळचे, असे धरून ती प्रत्येक मजकुराला शेकडो आकड्यांची एक माळ देते. ज्या मजकुरांच्या माळा मिळत्याजुळत्या, त्यांचा विषयही जवळचा. त्यामुळे प्रश्नातले आणि लेखातले शब्द वेगळे असले तरी लेख सापडतो.

ही सोय मोठी आहे. परंतु आता यंत्र लेख काढून देऊन थांबत नाही. स्वतःच उत्तर रचून देते. माझा आक्षेप आहे तो इथे. रचलेली भाषा सफाईदार असते, पण सफाई म्हणजे सत्य नव्हे. लेखात नसलेली गोष्टही यंत्र कधी कधी ठामपणे सांगते. शिवाय माळा जुळल्या म्हणजे विषय जुळला, एवढेच. ‘लस उपयोगी आहे’ आणि ‘लस उपयोगी नाही’ ही वाक्ये यंत्राला शेजारशेजारची वाटू शकतात. आणि ज्या जुन्या मराठी मासिकांची पाने संगणकात गेलीच नाहीत, ती त्याच्या लेखी नाहीतच.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. यंत्राकडून मिळालेल्या प्रत्येक उत्तराखाली विद्यार्थ्याने मूळ पुस्तकाचे नाव व पानाचा क्रमांक लिहावा, आणि ते पान स्वतः उघडून पाहिलेले असावे. ते सापडले नाही, तर उत्तर खोडावे.

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. वाचकाचा वेळ वाचवावा, हा त्यांपैकी एक. यंत्र तो वेळ खुशाल वाचवो; वाचलेला वेळ आपण वाचनाला द्यावा.