वाऱ्याची साक्ष

शिडाच्या नौकांच्या शर्यतीत विद्युत्-उपकरणांचा आणि त्यांनी नोंदविलेल्या आकड्यांचा जो शिरकाव गेल्या काही दशकांत झाला, त्याने या क्रीडेचा प्राणच हिरावून घेतला, असे मानणारा एक पक्ष आहे. आणि त्याचे म्हणणे सहज बाजूस सारण्यासारखे नाही, कारण ते मांडणारी माणसे बहुधा समुद्रावर आयुष्य घालविलेली, गालाला लागणाऱ्या वाऱ्यावरून त्याची दिशा व सुकाणूच्या दांड्यात जाणवणाऱ्या ताणावरून नौकेची चाल ओळखणारी असतात. त्यांची कैफियत अशी की, पूर्वी नाविकाची नजर झोताने पाण्यावर उमटणाऱ्या काळसर छटेवर असे, ती आता डोलकाठीवरील पडद्याला खिळली आहे. पूर्वी शर्यत माणूस जिंकीत असे, आता गणकयंत्र जिंकते. आणि ज्याची थैली मोठी त्याचीच उपकरणे उत्तम असल्याने निकाल पाण्यावर उतरण्यापूर्वीच लागलेला असतो.

यांतील पहिला आक्षेप इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. यंत्रावाचून चालणारे नौकानयन म्हणून ज्याचा गौरव केला जातो, ते नेमके कोणत्या काळचे? नौकेचा वेग आपण ज्या नॉटमध्ये सांगतो, त्या शब्दाचा अर्थच गाठ असा आहे. सोळाव्या शतकात युरोपीय खलाशी सारख्या अंतरावर गाठी मारलेल्या दोरीला लाकडी फळी बांधून ती मागे पाण्यात सोडीत आणि वाळूचे घड्याळ रिकामे होईतो हातातून किती गाठी सुटल्या ते मोजीत. आपल्या अरबी समुद्रातील मार्गदर्शकांजवळ ‘कमाल’ नावाची छोटीशी फळी असे. तिच्या दोरीची गाठ दातांत धरून, फळीची खालची कड क्षितिजाशी आणि वरची ध्रुवताऱ्याशी जुळली की आपण कोणत्या अक्षांशावर आहो ते त्यांना कळे. शिडावर चिकटविलेले लोकरीचे धागे तरी दुसरे काय आहेत? ते शिडावरून वाहणाऱ्या हवेचे मापनच करतात, आणि त्यांच्याकडे टक लावून बसणाऱ्यास कोणी यंत्राचा दास म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

गणकयंत्र शर्यत जिंकते, या विधानाच्या समर्थनार्थ २०१३ सालच्या अमेरिका चषकाचा दाखला वारंवार दिला जातो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात ओरॅकलचा अमेरिकन संघ न्यूझीलंडविरुद्ध १-८ असा मागे पडला असता त्याने पुढच्या आठही शर्यती जिंकून चषक ९-८ असा राखला. आणि त्याच्या नौकेवर संवेदकांचे जाळे होते, सबब विजय संवेदकांचा, असा हा युक्तिवाद. परंतु उपकरणे न्यूझीलंडच्या नौकेवरही होती, आणि ओरॅकलची उपकरणे पराभवांच्या मालिकेतही नौकेवरच होती! फरक पडला तो अभ्यासाने. वाऱ्यावर चढताना आपली नौका कोठे मागे पडते हे त्या संघाने नोंदींतून हुडकून काढले, नौकेची जुळणी बदलली, आणि जलपर्णांवर, म्हणजे नौकेला पाण्याबाहेर उचलून धरणाऱ्या पाण्याखालील पंखांवर, तरंगत वाऱ्यावर चढण्याची कला त्या थोड्या दिवसांत साध्य केली.

खर्चाचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. तोक्यो ऑलिम्पिकात भारताचे नेत्रा कुमनन आणि विष्णू सरवणन ज्या लेझर वर्गात उतरले, त्या वर्गाच्या नियमांत होकायंत्रास मुभा होती, जीपीएसला नव्हती. एकसारख्या नौकांवर केवळ माणसाची परीक्षा घ्यायची तर हा निर्बंध न्याय्यच होय. शर्यत चालू असता बाहेरून कोणाचीही मदत घेऊ नये, हा नियमही काटेकोरपणे पाळला गेला पाहिजे. आणि उपग्रहांचा आधार वर्ज्य करून, सेक्स्टंट व कागदी नकाशे यांवर पृथ्वीप्रदक्षिणा जिच्यात करावयाची त्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारताच्या अभिलाष टॉमी यांनी २०२३ साली दुसरे स्थान मिळविले, त्या पराक्रमापुढे मी नतमस्तक आहे. पण उपवासाचे पुण्य थोर म्हणून अन्न निषिद्ध ठरत नाही.

आता मंडन. वाऱ्यावर चढताना नौकेचे नाक जितके वाऱ्याकडे, तितकी ती ध्येयाकडे लवकर जाते, असे डोळ्यांना निःसंशय वाटते. समजा, वाऱ्याशी ३८ अंशांचा कोन धरून नौका ५.५ नॉटने जाते आणि ४२ अंशांवर ६ नॉटने. त्रिकोणमितीने पाहता वाऱ्याच्या दिशेने पहिली ४.३३ नॉट पुढे सरकते, दुसरी ४.४६. तासाभरात हा फरक दोनशे मीटरांहून अधिक होतो, आणि तो कितीही मुरलेल्या नाविकाला नुसत्या अंगाने कळत नाही. १९७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जस्टिन कर्विन यांनी, अमुक वाऱ्यात अमुक कोनावर अमुक घडणीची नौका किती वेगाने जाईल हे वर्तविणारी गणितपद्धती सिद्ध केली. भिन्न आकारांच्या नौकांना एकाच शर्यतीत न्याय्य सवलत देण्याची व्यवस्था आज अशाच गणितावर उभी आहे.

उपकरणे खोटे बोलतात हेही खरे. शिडांमुळे वारा डोलकाठीच्या टोकाशी वाकतो, म्हणून तेथील दिशादर्शक दोन टॅकवर, म्हणजे वारा उजवीकडून व डावीकडून घेताना, दोन निराळ्या जबान्या देतो; तळाशी वेग मोजणारे चक्र शेवाळाने जड होते. परंतु साक्षीदार चुकतो म्हणून न्यायालय बंद करीत नाहीत, त्याची उलटतपासणी करतात. आणि ती करता करता नाविकाला वाऱ्याचे जे ज्ञान होते, ते निव्वळ अंतःप्रेरणेवर विसंबणाऱ्यास क्वचितच लाभते.

माझा याविषयीचा आग्रह पुस्तकी नाही. मुंबई बंदरात ओहोटीविरुद्ध उत्तरेकडे चढताना मी नेहमी खोल पाण्याची बाजू धरीत असे, कारण तेथे वारा भरपूर, नौका कललेली, पाणी कुशीवरून फेसाळत जाणारे. आणि तरीही किनाऱ्यालगतच्या नौका आमच्या पुढे निघत. तीन मोसम मी याचा दोष पुढचे शीड सांभाळणाऱ्या कोवळ्या वयाच्या एका मुलावर ठेवीत आलो, आणि तो खाली मान घालून ऐकून घेत आला. चौथ्या मोसमात आम्ही जीपीएसची नोंद ठेवली. पाण्यातून आमचा वेग साडेपाच नॉट होता, जमिनीवरून जेमतेम साडेतीन. खोल पाण्यातला ओहोटीचा ओघ आम्हांला दर तासाला दोन सागरी मैल मागे नेत होता, आणि हे काम मी निवडलेल्या बाजूचे होते, त्याच्या शिडाचे नव्हे. त्याच संध्याकाळी तो कागद घेऊन मी त्याच्या घरी गेलो, आणि त्याच्या वडिलांसमक्ष त्याला ते दोन आकडे दाखविले.